बुटक्या दाराची गोष्ट



आज गोष्ट सांगायच्या आधी तुमच्या बाईंची झालेली फजिती सांगते. हसायचं असेल तर खुशाल हसा. पण शेवटपर्यंत वाचा हं.

पावसाचे दिवस. मैदानावर चिखल. खेळाच्या तासाला मुलांना बाहेर नेणार कुठं? मग मी आमच्या चौथीच्या वर्गाला म्हटलं, "पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटानं डोंगरातलं एक गाव तयार करायचं. खडूनं फरशीवर काढायचं. गावात कोण राहतं, काय काम करतं, पाणी कुठून येतं, नियम काय आहेत, सगळं तुम्हीच ठरवायचं."

झालं! वर्ग कामाला लागला. एका गटाच्या गावात सगळे मध गोळा करायचे आणि शाळेला सहा महिने सुट्टी असायची. दुसऱ्या गटाच्या गावाचा राजा चक्क एक बोकड होता! तिसऱ्या गटानं मात्र फार मन लावून काम केलं. त्यांनी उंच डोंगर काढला आणि त्याचे तीन भाग पाडले. वर शिखरकर, मध्ये मधले आणि खाली पायथेकर. झरा होता वर. म्हणून पाणी आधी शिखरकरांनी घ्यायचं, मग मधल्यांनी. पायथेकरांनी झऱ्याला हात लावायचा नाही. कुणीतरी ओतून देईल तेवढं घ्यायचं. बाप जे काम करील तेच मुलानं करायचं. खालच्यानं वर राहायला जायचं नाही. कोण शिखरकर आणि कोण पायथेकर, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं.

चित्र इतकं सुबक, नियम इतके व्यवस्थित, की मी म्हटलं, "शाब्बास!" आणि त्यांच्या डोंगराशेजारी खडूनं एक चांदणी काढली.

घंटा झाली. मधली सुट्टी. खिचडी खाऊन मुलं नळावर गेली. मी सहज व्हरांड्यातून पाहिलं, तर एक मुलगा हातात रिकामी बाटली घेऊन नळापासून चार हात लांब उभा! बाकीचे येत होते, पाणी पीत होते, जात होते. हा आपला उभाच.

"काय रे, पाणी नाही प्यायचं?" मी विचारलं.

"प्यायचंय बाई. पण मी पायथेकर आहे ना! त्यांचं सगळ्यांचं होऊ दे."

तो हसत होता. पण ते हसू काही खरं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, त्याला थांबवणारे सगळे त्याच्या गटातले नव्हतेच. ज्यांच्या गावात बोकड राजा होता, तीही मुलं आता शिखरकर झाली होती! मी जरा रागावूनच म्हटलं, "अरे, खेळ संपला की!" त्यावर एक चुणचुणीत मुलगी पटकन म्हणाली, "पण बाई, तुम्हीच तर शाब्बास म्हणालात!"

आता सांगा, यावर मी काय बोलणार? ती खरंच बोलत होती.

सुट्टीनंतर मी वर्गाला विचारलं, "पायथेकरांनी नळाला हात लावायचा नाही, हा नियम कुणी केला?"

"तो पहिल्यापासूनच आहे, बाई," एक जण म्हणाला.

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "साडेदहापासून!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "बाई, पण असं खरंच कुठं होतं का? म्हणजे माणसं अगदी सारखी, आणि तरी एकाला वर नि एकाला खाली?"

हो. होतं. तेव्हा मी वर्गाला जी खरी गोष्ट सांगितली, तीच आता तुम्हांला सांगते. घरात नकाशांचं पुस्तक असेल तर घेऊन बसा.

युरोपच्या नकाशात फ्रान्स आणि स्पेन हे दोन देश शोधा. त्यांच्या मधोमध, एखादी भिंत घालावी तशी एक पर्वतरांग दिसेल. तिचं नाव पिरेनीज. चारशे किलोमीटरांहून लांब पसरलेली. तिचं सगळ्यांत उंच शिखर आनेतो, उंची ३,४०४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी आनेतो थोडं उंचच राहील! या डोंगरांत खोल दऱ्या आहेत, खळाळत्या नद्या आहेत, मेंढ्यांची कुरणं आहेत आणि दगडी घरांची छोटी छोटी गावं आहेत.

या पर्वताच्या पश्चिम भागात, दोन्ही देशांच्या बाजूला, शेकडो वर्षं काही लोक राहत होते. फ्रान्सच्या बाजूला त्यांना म्हणायचे 'कागो' आणि स्पेनच्या बाजूला 'आगोते'. जुन्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख सुमारे एक हजार वर्षांपूर्वीपासून सापडतो.

आता एक करा. डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही पाचशे वर्षांपूर्वीच्या एका कागो घरातले दहा वर्षांचे मूल आहात. आज रविवार आहे.

तुमचं घर गावात नाही. गावाबाहेर आहे, कदाचित नदीच्या पलीकडं. तुमच्यासारखी आणखी पाच-सहा घरं तिथं आहेत. तुमचे वडील सुतार आहेत. आजोबा सुतार होते. तुम्हीही सुतारच होणार, कारण दुसरं काही व्हायला परवानगीच नाही.

बाहेर पडताना आई तुमच्या अंगरख्यावर लाल कापडाचा एक तुकडा नीट आहे ना, ते पाहते. त्याचा आकार बदकाच्या पायासारखा. तो छातीवर दिसलाच पाहिजे. पायांत जोडा घालायचा, अनवाणी चालायचं नाही. थंडी वाजेल म्हणून नव्हे बरं का! तुमच्या उघड्या पायानं रस्ता बाटेल म्हणून. पूल आला, तर कठड्याला हात लावायचा नाही. तिथं नंतर दुसऱ्या कुणाचा हात लागेल ना!

चर्च आलं. समोर भलं मोठं दार आहे. तुम्ही तिकडं वळत नाही. तुमच्यासाठी बाजूच्या भिंतीत एक छोटं, बुटकं दार आहे. इतकं बुटकं, की तुमच्या वडिलांना वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. चर्चमध्ये शिरताना पवित्र पाण्यात बोटं बुडवायची पद्धत असते. पण दाराजवळच्या मोठ्या दगडी पात्रातलं पाणी तुमच्यासाठी नाही. तुमचं पात्र वेगळं, कोपऱ्यातलं. बसायची जागा वेगळी, सगळ्यांत मागं. प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा प्रसादासारखा एक पावाचा तुकडा सगळ्यांना देतात. तुम्हांला मात्र तो लांब काठीच्या टोकावर ठेवून पुढं करतात.

आणि आता वर बघा. त्या चर्चच्या छताचे भलेमोठे वासे दिसतात? ते कुणी तासले, कुणी चढवले? तुमच्याच वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी! कागो लोक लाकूडकामात फार वाकबगार होते. कितीतरी चर्चं त्यांच्याच हातांनी उभी राहिली. काम करायला आत आलेलं चालायचं. प्रार्थनेला आलं की बुटकं दार.

१३७९ साली तिथल्या बेआर्न प्रांताचा राजा-सरदार गास्ताँ फेबूस यानं मोंतानेर इथला आपला किल्ला बांधताना त्याच्या लाकूडकामासाठी ऐंशीहून जास्त कागो कारागिरांशी करार केला होता. म्हणजे राजाच्या डोक्यावरचं छप्पर त्यांनी केलेलं चालत होतं, पण बाजारात त्यांनी फळाला हात लावलेला चालत नव्हता!

डोळे उघडा आता. हे सगळे नियम प्रत्येक गावात जसेच्या तसे नव्हते. एका खोऱ्यात हा, दुसऱ्यात तो, असं होतं. पण तीन गोष्टी जवळजवळ सगळीकडं होत्या. वस्ती वेगळी, लग्नं आपसांतच आणि दफनाची जागाही वेगळी. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत, आणि मेल्यानंतरही!

इथं माझ्या वर्गातल्या एका मुलानं हात वर केला. "बाई, ते लोक दिसायला वेगळे होते का? काळे-गोरे वगैरे?"

नाही. तोच तर या गोष्टीतला सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. ते गावातल्या इतर लोकांसारखेच दिसत. तीच भाषा बोलत. तोच धर्म पाळत. त्याच देवाची प्रार्थना करत. एवढंच काय, बेआर्नमध्ये त्यांना जे जुनं नाव होतं, त्याचा अर्थच मुळी 'ख्रिस्ती' असा होता. गावात सगळेच ख्रिस्ती, आणि ज्यांना ख्रिस्ती म्हणायचं त्यांनाच चर्चच्या मोठ्या दारातून जायची बंदी!

मग त्यांना ओळखायचं कसं? हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही पडला असणार. विचार करा, मुलांनो. माणूस खरंच वेगळा असता, तर त्याच्या छातीवर लाल खूण लावायची गरज पडली असती का? आंब्याच्या झाडावर कुणी 'आंबा' अशी पाटी लावतं का? ओळखता येत नव्हतं, म्हणून तर खूण लावली! बाप्तिस्म्याच्या वहीत, म्हणजे बाळाचं नाव ठेवताना जी नोंद होते तिच्यात, नावापुढं 'कागो' असं लिहून ठेवलं जायचं. बाळाला अजून मान सावरत नव्हती, पण त्याची जागा ठरून गेलेली असे.

आता लोक काय काय म्हणत ते ऐका. म्हणे, कागोंच्या कानांना पाळ्या नसतात. म्हणे, त्यांच्या पायाची बोटं बदकासारखी पडद्यानं जोडलेली असतात. म्हणे, त्यांच्या अंगात इतकी उष्णता असते, की त्यांनी सफरचंद तासभर हातात धरलं तर ते सुकून जातं! म्हणे, त्यांना महारोग असतो. वरून दिसत नसला तरी आत असतो.

"आत असतो" म्हटलं की बरं असतं, नाही का? म्हणजे दाखवायला नको!

पण कुणीतरी एकदा तपासून पाहिलंच. १६०० साली तुलूझ या शहरातल्या वैद्यांनी काही कागोंना नीट तपासलं. त्यांचं रक्तही काढून पाहिलं. त्या काळी आजच्यासारख्या प्रयोगशाळा नव्हत्या. पण वैद्यांना जे जे पाहता येत होतं ते त्यांनी पाहिलं. काय सापडलं? काहीही नाही. धडधाकट, निरोगी माणसं! इतरांसारखीच.

मग काय, संपली अडचण? छे! वैद्यांचा निकाल लागला, तरी लोक आपले तसेच वागत राहिले. कुणी म्हणाले, रोग नसेल, पण त्यांचे पूर्वज वाईट होते. कुणाचे पूर्वज? तर तिथंही एकमत नाही. कुणी म्हणे, हे गॉथ नावाच्या जुन्या टोळीतले. कुणी म्हणे, हे अरब सैनिकांचे वंशज. कुणी म्हणे, बायबलमधल्या एका शापित नोकराचे. आणि कुणी तर म्हणे, येशू ख्रिस्ताला ज्या क्रुसावर चढवलं, तो क्रूस करणाऱ्या सुतारांचे हे वंशज!

आता बायबल वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं, की येशूला ज्यांनी वाढवलं ते योसेफ स्वतः सुतार होते. पण ते मात्र कुणाला आठवलं नाही.

पाहिलंत ना? इतकी कारणं, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. खरं कारण काय होतं, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. मला यातून एक गोष्ट कळली, ती तुम्हांला सांगते. आधी कारण सापडलं आणि मग लोक वाईट वागू लागले, असं झालेलं दिसत नाही. वाईट वागणं चालूच होतं; कारणं मागाहून शोधली गेली. एक खोटं ठरलं की दुसरं. आपल्या वर्गातही असंच होतं, बघा. आधी एखाद्याला खेळात घ्यायचं नाही असं ठरतं. मग का, असं विचारलं की उत्तरं सुरू होतात. "तो हळू पळतो." पळाला जोरात, तर "तो चिडका आहे."

आता तुम्ही विचाराल, कागो लोक हे सगळं मुकाट्यानं सोसत होते का?

नाही. मुळीच नाही. १५१४ साली नवार प्रांतातल्या आगोते लोकांनी थेट पोपकडं अर्ज केला. पोप म्हणजे त्यांच्या धर्माचे सर्वांत मोठे गुरू, आणि ते राहायचे दूर रोममध्ये. अर्जात मागणं काय होतं? सोनं नाही, जमीन नाही. चर्चमध्ये इतरांना जसं वागवतात तसं आम्हांलाही वागवा, एवढंच. पुढच्याच वर्षी, १५१५ मध्ये, पोप दहावे लिओ यांनी आज्ञा दिली, की यांना इतर भाविकांसारखंच मायेनं वागवा.

मोठ्या धर्मगुरूंनीच सांगितलं! आता तरी मोठं दार उघडलं असेल? नाही हो. आज्ञा रोमहून आली, पण दार होतं गावात, आणि त्याची कडी गावकऱ्यांच्या हातात. पुढं राजानं हुकूम काढले, खटले चालले, वर्षांमागून वर्षं गेली. मग १६८३ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानं बेआर्नमधल्या कागोंवरची बंधनं काढून टाकणारी सनद दिली. १७२३ साली बोर्दो शहरातल्या न्यायालयानं त्यांना हिणवणाऱ्याला दंड ठेवला. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि कायद्यापुढं सगळी माणसं समान ठरली. स्पेनच्या बाजूला, नवारमध्ये, आगोतेंविरुद्धचे नियम रद्द व्हायला १८१७-१८ साल उजाडलं.

मोजा बरं. १५१५ ते १८१७. तीनशे दोन वर्षं! "यांना आपल्यासारखं वागवा" एवढं एक वाक्य रोमहून त्या डोंगरापर्यंत पोचायला तीनशे वर्षं लागली. चालत गेलं असतं तरी दोन-तीन महिन्यांत पोचलं असतं.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत कागो लोकांनी कचेऱ्यांत शिरून जन्माच्या जुन्या नोंदी जाळून टाकल्या, असं सांगतात. का जाळल्या असतील? कारण चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. जे लिहिलेलं होतं ते फक्त त्या वह्यांत होतं. वही गेली, की खूण गेली. पण लोकांनी काय केलं असेल? कागो घराण्यांची नावं गुंफलेली गाणी म्हणायला सुरुवात केली! कागद जाळता येतो, पण लोकांच्या तोंडचं गाणं कसं जाळणार?

तरीही हळूहळू दिवस पालटले. रस्ते झाले, लोक शहरांत गेले. तिथं कोण कुठल्या दारातून चर्चमध्ये जायचा, हे कुणाला ठाऊक? मुलं शाळेत एका बाकावर बसू लागली. लग्नं होऊ लागली. १८४७ साली फ्रान्सिस्क मिशेल या फ्रेंच अभ्यासकानं त्यांच्याविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि १८५५ साली एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकेनं त्यांच्यावर लेख लिहून आपल्या देशातल्या वाचकांना ही हकिकत सांगितली. आज कागो अशी वेगळी जमातच उरलेली नाही. सगळे एकमेकांत मिसळून गेले. आज तिथल्या पुष्कळांना आपल्या पणजोबांचे पणजोबा कागो होते की नव्हते, हे सांगताही येणार नाही.

फक्त काही खुणा राहिल्या आहेत. फ्रान्समधल्या आरो या गावात कागोंची माहिती देणारं एक संग्रहालय आहे. स्पेनमधल्या बास्तान खोऱ्यात बोझाते नावाची आगोतेंची जुनी वस्ती आहे. शावियेर सांचोतेना हे शिल्पकार तिथलेच, आगोते वंशातले. त्यांनी आपल्याच गावात आपल्या पूर्वजांची आठवण जपणारं संग्रहालय उभं केलं. जी ओळख लपवण्यासाठी कधी काळी लोकांनी कागद जाळले, ती त्यांनी ताठ मानेनं जगाला दाखवली.

आणि काही जुन्या चर्चच्या भिंतींत ती बुटकी दारं आजही दाखवतात. बरीचशी दगडांनी बुजवून टाकलेली आहेत. पण भिंतीत चौकट दिसते.

गोष्ट संपली, तेव्हा वर्ग गप्प होता. मग तो मुलगा, तोच रिकाम्या बाटलीवाला, हळूच म्हणाला, "बाई, माझी आजी सांगते, तिच्या आजोबांना विहिरीवर असंच थांबावं लागायचं. कुणी ओतून देईपर्यंत."

मुलांनो, खरं सांगते, माझ्या घशात आवंढा आला. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्याच्या हाती ती चिठ्ठी आली, तो निव्वळ योगायोग. पण तो नळापाशी उभा होता तेव्हा त्याला काय आठवत असेल? आणि मी? मी त्या डोंगराशेजारी चांदणी काढली होती! 'शाब्बास' म्हणताना चित्र सुबक आहे एवढंच मी पाहिलं. त्यात खाली कोण उभा आहे, ते पाहिलंच नाही.

मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. बाईंनीसुद्धा चुकलं तर माफी मागायची असते. तो लाजला. म्हणाला, "राहू द्या बाई, खेळ होता." मग त्या चुणचुणीत मुलीनं ओलं फडकं आणलं आणि दोघांनी मिळून फरशीवरच्या त्या रेघा पुसून टाकल्या. आधी रेघा, मग चांदणी.

पिरेनीज फार लांब आहे, पण त्याच्या आजीची विहीर लांब नाही. ती आपल्याच महाराष्ट्रात आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्यासाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्या पाण्यासाठी पुढं दहा वर्षं कोर्टात भांडावं लागलं. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आणि २६ जानेवारी १९५० पासून आपल्या संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली. ती पाळणं हा गुन्हा ठरला.

म्हणजे आपल्याकडंही मोठी आज्ञा निघालेली आहे. पण कागोंच्या गोष्टीत काय झालं, आठवतं ना? आज्ञा निघते राजधानीत. दाराची कडी असते गावात. आपल्या गावातली, आपल्या वाड्यातली, आपल्या वर्गातली कडी कुणाच्या हातात आहे? तुमच्या आणि माझ्या.

एक विचार मनात येतो. आमच्या वर्गातला नियम साडेदहाला जन्मला आणि मधल्या सुट्टीपर्यंत तो 'पहिल्यापासूनचा' झाला होता! कुणीही विचारलं नाही, की हा का पाळायचा? जो पाळायला लावत होता त्यानं नाही, आणि जो पाळत होता त्यानंही नाही. विचारलं असतं, तर दोन मिनिटांत मोडला असता. नियम टिकतो तो डोंगरासारखा भक्कम असतो म्हणून नव्हे. कुणी विचारत नाही म्हणून.

या आठवड्याचं काम

१. नकाशात पिरेनीज पर्वत शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे देश वहीत लिहा.

२. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी गावात पाणी कुठं भरायचे? सगळे एकाच ठिकाणी भरायचे का?" ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. मध्ये बोलू नका, नुसतं ऐका.

३. तुमच्या वर्गात, गल्लीत, सोसायटीत एखादं 'बुटकं दार' आहे का, ते शोधा. ते लाकडाचंच असेल असं नाही. कुणाचा डबा कुणी घेत नाही. कुणाला वाढदिवसाला बोलावत नाहीत. घरकामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला असतो. सापडलं, तर मला पत्र लिहा. नावं लिहू नका. काय दिसलं तेवढंच लिहा. आणि शेवटी हे लिहा, की तुम्ही काय केलंत.

पालकांसाठी चार ओळी

आईबाबांनो, नवा मित्र घरी आला, की आपण त्याला पहिल्यांदा काय विचारतो? "बाळ, नाव काय तुझं?" आणि त्याच्या पाठोपाठ, "आडनाव काय?" आपल्या मनात काही नसेलही. पण मुलं पाहत असतात, की आडनाव कळल्यावर आपला चेहरा बदलतो का. मी बारा-तेरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. मुलं पहिलीत येतात तेव्हा एकमेकांना फक्त नावानं ओळखतात. पुढं कधीतरी ती आडनावं विचारू लागतात. ते त्यांना आमच्या पाठ्यपुस्तकात कुठंही शिकवलेलं नसतं. पुढच्या वेळी मुलाचा मित्र घरी आला, तर विचारा, "तुला काय आवडतं? क्रिकेट, चित्रं, की गोष्टी?" आणि पाणी द्या, आपण ज्या पेल्यातून पितो त्याच पेल्यातून.

बरं तर मुलांनो, भेटू पुढच्या आठवड्यात. पत्राची वाट पाहते.

तुमच्या,
बाई